पाचशे फुटांवरचा हात

चाकं जमीन सोडतात, रनवे मागे पडतो, उंचीमापकाचा काटा पाचशे फुटांशी येतो आणि वैमानिकाचा उजवा हात काळ्या मुठीवर घट्ट होतो. काळी मूठ म्हणजे थ्रॉटल. ती आता थोडी मागे घ्यायची, की टेकऑफला आत ढकलली तशीच राहू द्यायची? छोट्या पिस्टन विमानांच्या जगात या एका प्रश्नावरून दशकानुदशकं वाद चालू आहे. बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटेल. पण त्या क्षणी खालच्या गच्चीवरचे वाळवणाचे कपडे ओळखू येतील एवढीच उंची असते, वेग बेताचा असतो आणि पुढे फिरणारं इंजिन एकच असतं.

मी हा वाद एका मामा-भाचीच्या तोंडून ऐकला. मामा नागपूरचे. उभं आयुष्य हँगरमध्ये गेलेलं. विमान तपासून ‘उडायला योग्य’ अशी सही करणाऱ्या एएमई मंडळींपैकी, आता निवृत्त. भाची फ्लाइंग इन्स्ट्रक्टर. दोघांना एकमेकांच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणूनच दोघं मोकळेपणाने भांडतात. माझा कल बराचसा भाचीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र मामांनी दोन ठिकाणी तिला अडवलं आणि तिथे माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

मामा : पोरांना टेकऑफनंतर थ्रॉटल मागे घेऊ देत नाहीस म्हणे तू.

भाची : बरोबर ऐकलंत. सेसना १७२ असेल तर अजिबात नाही. रनवेवर आत ढकलला की ठरलेल्या उंचीवर विमान सरळ करेपर्यंत तो आतच.

मामा : काहून? इंजिनाला जरा दम खाऊ द्यायचा की नाही? चिखलदऱ्याचा घाट गाडी तळापासून फुल्ल दाबून चढव, वर पोचेस्तोवर बोनेटमधून वाफा निघतील.

भाची : गाडीचं इंजिन सपाट रस्त्यावर त्याच्या ताकदीच्या पाव हिश्शावरही चालत नाही. सगळी ताकद कधीतरी, ओव्हरटेक करताना, काही सेकंद लागते. विमानाचं इंजिन पहिल्यापासून त्याच कामासाठी घडवलेलं असतं. अमेरिकी नियमांनुसार प्रमाणपत्र मिळवायचं तर १५० तासांची सहनशक्तीची चाचणी द्यावी लागते, आणि त्यातले कितीतरी तास पूर्ण ताकदीवर, सिलिंडर मुद्दाम तापमानाच्या मर्यादेशी ठेवून. १७२ एस घ्या. लायकॉमिंगचं आयओ-३६०, १८० अश्वशक्ती, २७०० आरपीएमला. त्या १८०ला वेळेची अट नाही. लागतील तितका वेळ वापरा.

मामा : अट नाही म्हणजे वापरलीच पाहिजे असं थोडंच आहे?

भाची : १७२ मध्ये तर मनात आणलं तरी वापरता येत नाही! पंख्याच्या पात्यांचा कोन कायमचा बसवलेला. चढताना वेग कमी, पात्यांवर भार जास्त; थ्रॉटल पूर्ण आत असूनही आरपीएम २३००-२४०० वर अडतो. २७०० दिसतच नाहीत. म्हणजे इंजिन आधीच १८० च्या बरंच खाली चाललेलं आहे. तुम्ही जी सवलत देऊ म्हणताय ती पंख्याने देऊन टाकली आहे. वर तुम्ही आणखी देणार.

मामा : देणार. दहा टक्के. दहा टक्क्यांनी काय आभाळ कोसळतं?

(इथे भाचीने कागद ओढला. एरवी हवेतल्या हवेत चालणारा हा वाद आकड्यांवर आला तो इथे, म्हणून तो हिशेब सविस्तर देतो.)

भाची : सपाटीवर, पूर्ण वजनाने, म्हणजे २५५० पौंडांनी, १७२ एस मिनिटाला ७३० फूट चढतं असं पुस्तक सांगतं. २५५० गुणिले ७३०, भागिले ३३,०००. येतात ५६. म्हणजे विमान वर उचलायला खर्च होते ती फक्त ५६ अश्वशक्ती. बाकीची कुठे जाते?

मामा : हवेचा विरोध कापण्यात.

भाची : तर. पंख्यातून प्रत्यक्ष ओढ म्हणून ११५ च्या आसपास हाती येतात असं धरू. त्यातले साठेक नुसतं विमान हवेत तरंगत ठेवायला लागतात. त्यात काटकसर करता येत नाही, ते द्यावेच लागतात. चढण होते ती उरलेल्या ५६ वर. आता तुमची दहा टक्के कपात करा. ११५ चे दहा टक्के म्हणजे साडेअकरा. हे साडेअकरा कुठून जाणार?

मामा : वरच्या ५६ मधून.

भाची : ५६ चे राहिले साडेचव्वेचाळीस. ७३० चे झाले पावणेसहाशे. ताकद दहा टक्के कापली आणि चढण वीस टक्के गेली. दोन मिनिटांनी तुम्ही माझ्यापेक्षा तीनशे फूट खाली. त्या क्षणी इंजिन बंद पडलं, तर १७२ एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे सरकतं, म्हणजे उतरायला शेत शोधताना माझ्याकडे तुमच्यापेक्षा आठशे मीटर जास्त. हे सपाटीवरचं झालं. आता नागपुरात मे महिना आणा.

मामा : आणतो. दुपारी चव्वेचाळीस.

भाची : विमानतळाची उंची १०३० फूट. तिथे प्रमाण तापमान १३ अंश. आपण ३१ ने वर. अंशाला १२० फूट धरलं तर विमानाला वाटतं आपण ४७०० फुटांवर आहोत. हवा तेवढी विरळ. ७३० चे तिथे पाचशेच होतात. चढणीसाठी उरतात जेमतेम ३९ अश्वशक्ती, आणि तुमचे दहा टक्के त्यातलेच दहा उचलतात. पाव भाग गेला, मामा. ज्या दिवशी चढण आधीच रडत असते, नेमकी त्याच दिवशी तुमची माया सगळ्यात महाग पडते.

मामांनी कागद स्वतःकडे ओढून आकडे पुन्हा तपासले. चूक सापडली नाही. मग मात्र ते मूळ मुद्द्यावर आले, आणि माझ्या मते या वादाचं सगळ्यात रंजक पान ते आहे.

मामा : कागद बरोबर आहे तुझा. पण ही खोड मी घरून नाही आणली. माझे उस्ताद डाकोटा विमानांवर वाढलेले. नागपूरला रात्रीची हवाई टपाल यायची ना, १९४९ ला सुरू झालेली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं रात्री इथे उतरायची, टपालाच्या पिशव्या बदलायच्या आणि उजाडायच्या आत परत. त्या डाकोटांखाली झोपून शिकलेला माणूस तो. तो सांगायचा, चाकं वर झाली की पहिलं काम ताकद खाली. एकदा नाही, दोनदा. त्याला वेडा म्हणशील?

भाची : मुळीच नाही. डाकोटावर तो शंभर टक्के बरोबर होता. टेकऑफला काय लावायचे?

मामा : इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब ४८ इंच, २७०० आरपीएम. लगेच ४१ आणि २५५०. मग त्याच्याही खाली.

भाची : ४८ इंच! समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचाच दाब पाऱ्याच्या ३० इंचांच्या आत असतो. वरचे अठरा कुठून आले? सुपरचार्जरने कोंबले. त्या इंजिनात जमिनीवर थ्रॉटल पूर्ण उघडला तर सिलिंडरच फुटायचे, म्हणून तो पूर्ण उघडायचाच नसतो. टेकऑफची ताकद काही मिनिटांपुरती उसनी दिलेली. ती परत करणं हा नियमच होता. आपल्या १७२ ला सुपरचार्जर नाही. ते बाहेरची हवा जशी मिळेल तशी ओढतं. हजार फूट वर गेलं की दाब एक इंच उतरतो आणि ताकद तीनेक टक्के. सात-आठ हजारांवर पोचेपर्यंत थ्रॉटल पूर्ण आत असूनही पाऊण ताकदच उरते. उस्तादांचा हात जे काम करायचा ते इथे वातावरणच करतं.

मामा : म्हणजे सवय खरी, विमान खोटं.

भाची : तुम्ही म्हणालात, मी नाही.

डाकोटावरून आणखी एक समज आपसूक निकालात निघतो. इंचांचा आकडा आरपीएमच्या पहिल्या दोन आकड्यांपेक्षा मोठा नसावा, २५ इंच तर आरपीएम २५०० हवेच, असं कित्येक जुने वैमानिक शपथेवर सांगतात. डाकोटा रोज ४८ इंच आणि २७०० वर उडायचं. १९४४ च्या उन्हाळ्यात विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग प्रशांत महासागरातल्या अमेरिकी पी-३८ लढाऊ विमानांच्या वैमानिकांना हेच शिकवत हिंडला: आरपीएम खाली आणा, दाब चढा ठेवा, मिश्रण पातळ करा आणि त्याच टाकीत कितीतरी दूर जा. सुरुवातीला लोकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. साध्या सेसना १८२ च्या पुस्तकातही २३ इंच आणि २१०० आरपीएम अशी जोडी छापलेली आहे. तरी हा समज काही मरत नाही. लक्षात ठेवायला सोपा आहे, एवढीच त्याची पुण्याई.

मामा : बरं, डाकोटा गेली. तापमानाचं बोल. पूर्ण ताकद म्हणजे जास्त उष्णता. हे तरी मानतेस?

भाची : मानते, पण पूर्ण नाही. कितीतरी कार्ब्युरेटरांमध्ये थ्रॉटलच्या अगदी शेवटच्या टप्प्यात एक जादा वाट उघडते.

मामा : इकॉनॉमायझर. मला शिकवतेस?

भाची : तुम्हाला नाही, तुमच्या मुद्द्याला. ती वाट उघडली की मिश्रणात पेट्रोल जरुरीपेक्षा जास्त जातं. मिश्रण जाड झालं की सावकाश जळतं, दाबाचा कळस पिस्टन बराच खाली गेल्यावर येतो, तोही बुटका. सिलिंडरच्या डोक्यात उष्णता कमी मुरते आणि अवेळी स्फोटाचा धोका लांब राहतो. आता तुम्ही दया म्हणून मूठ बोटभर मागे घेतलीत. काय झालं?

मामा : वाट बंद झाली.

भाची : ताकद नावापुरती उतरली आणि थंड करणारं जादा पेट्रोल मात्र पूर्ण बंद. सिलिंडर आधीपेक्षा जास्त तापू शकतो. म्हणजे बोटभर मागे घेणं हा सगळ्यात वाईट पर्याय. घ्यायचाच तर चांगला घ्या, नाहीतर हात लावू नका.

मामा गप्प राहिले, पण हे गप्प राहणं हार मानणाऱ्याचं नव्हतं. ज्या झडपा त्यांनी स्वतः उघडून, धुऊन, पुन्हा बसवल्या, त्यांचा अर्थ कॉकपिटमधून कोणी असा लावावा, याचं त्यांना बहुधा कौतुकच वाटलं. मग ते उठले आणि १८२ चं पुस्तक घेऊन आले.

मामा : वाच. १८२ क्यू. नेहमीची चढण.

भाची : २३ इंच, २४०० आरपीएम, मिश्रण पूर्ण जाड, काउल फ्लॅप, म्हणजे इंजिनावरचा वारा बाहेर सोडणाऱ्या झडपा, गरजेनुसार उघडे.

मामा : तेवीस! नागपूरला जमिनीवर थ्रॉटल पूर्ण उघडला तर किती दाखवतो? सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे कंपनी स्वतः सांगते, चार-पाच इंच मागे घ्या. आता तू कंपनीला शिकवणार?

(ही पहिली जागा. भाची क्षणभर खरंच अडकली. ‘माझं इंजिन मला कळतं’ असं म्हणणारे वैमानिक मी पाहिलेत. ती तसं म्हणाली नाही, हे मला आवडलं.)

भाची : नाही, नाही शिकवणार. १८२ मध्ये पुस्तक सांगतं तसंच करते आणि मुलांकडूनही तेच करवून घेते. पण मामा, ओळ पूर्ण वाचा. २३ च्या आधी काय छापलंय?

मामा : वेग. ८५ ते ९५ नॉट.

भाची : आणि खाली दुसरी यादी आहे, सर्वाधिक चढणीची. तिथे?

मामा : थ्रॉटल पूर्ण. ७८ नॉट.

भाची : तिथे मिनिटांची काही अट?

मामा : …नाही.

भाची : म्हणजे पूर्ण थ्रॉटलला बंदी नाही. नेहमीच्या चढणीत इंजिन थंड राहतं त्याचं सगळं श्रेय तुम्ही २३ ला दिलंत. मी अर्धं, कदाचित अर्ध्याहून जास्त, ८५ ते ९५ ला देते. नाक जरा खाली, समोरून वारा जास्त, पुढचंही दिसतं. आणि २३ इंचांचं आयुष्य तरी किती? वर जाल तसा दाब उतरणार, २३ टिकवायला मूठ पुन्हा हळूहळू आत ढकलत राहावी लागणार. सहा हजारांच्या आसपास ती पूर्ण आत गेलेली असते आणि काटा २३ वरच असतो. तिथून पुढे तुमची आणि माझी पद्धत एकच.

मामा : म्हणजे भांडण पहिल्या पाच हजार फुटांचं.

भाची : हो, आणि धोकाही तिथेच जास्त. पाचशे फुटांवर आमच्या पोरांच्या डोळ्यांनी बाहेर काय काय पाहायचं असतं? दुसरं विमान, घारी, रनवेची दिशा. तेव्हाच त्यांनी डोकं आत घालून २३ चा काटा बसवत राहायचं? हजार फूट होऊ द्या, वळण होऊ द्या, मग निवांत करा.

मामा : हे बरोबर आहे. पाचशेचा हट्ट मी सोडतो. पण सेसना २०६ चं काय? तिथे तर मिनिटं मोजायची आहेत.

भाची : तिथे वादच नाही. आयओ-५२० ला २८५० आरपीएमवर ३०० अश्वशक्ती, पाच मिनिटं. पुढे २७०० वर २८५. पाच मिनिटांच्या आत आरपीएम खाली आलाच पाहिजे. आणि तो आवाजासाठीही खाली यावा. ८० इंची पंखा २८५० ने फिरला की पात्याचं टोक सेकंदाला ३०० मीटरच्या वर जातं, आवाजाच्या वेगाच्या जवळपास नव्वद टक्के. खालच्या वस्तीचे कान त्यानेच फाटतात. पण बघा, कर्कशपणा कमी करते ती निळी मूठ, प्रोपेलरची. काळीला शिक्षा कशाला?

पेट्रोलचा मुद्दा यात किती येतो असं मी मध्येच विचारलं. मामा म्हणाले, येतो, क्लब चालवणाऱ्याला तर येतोच. २०२२ साली इंडियन ऑइलने देशी एव्हीगॅस १०० एलएल काढलं, तोवर हे पेट्रोल बाहेरूनच यायचं आणि प्रत्येक लिटरमागे जीव वर-खाली व्हायचा. भाचीचं म्हणणं, चढण लवकर संपली की जाड मिश्रणावरचा वेळही लवकर संपतो, खरी बचत वर गेल्यावर लाल मुठीने मिश्रण पातळ करण्यात आहे. दोघांत मला भाचीचं पटतं. मालकांच्या आणखी एका हिशेबाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही: जुन्या सेसनांच्या टॅकोमीटरमधला तास मोजणारा आकडा आरपीएमवर चालतो. इंजिन सावकाश फिरलं की घड्याळाचा एक तास त्या आकड्यावर पाऊणच भरतो आणि पुढची सर्व्हिस तेवढी लांबते. ‘इंजिनाची काळजी’ या शब्दांखाली असंही थोडं पाणी मुरतं.

मामांनी मग टेबलाखालून एक सिलिंडर काढला. निकामी झालेला, शिकवण्यासाठी ठेवलेला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघालेली केसासारखी चीर स्पार्क प्लगच्या भोकापर्यंत गेली होती. बोट फिरवलं तर कळत नव्हती. त्यांनी खिडकीकडे तिरकी धरली तेव्हा दिसली.

मामा : हे बघ. हे तुझ्या पूर्ण थ्रॉटलवाल्यांचं काम.

भाची : हे उष्णतेचं काम आहे. पूर्ण थ्रॉटलनेच ती आली, कशावरून? डोकं ॲल्युमिनियमचं. लायकॉमिंग ५०० अंश फॅरनहाइटपर्यंत चालेल म्हणतं, कॉन्टिनेंटल ४६० पर्यंत. गेजचा हिरवा पट्टा तिथपर्यंत रंगवलेला असतो आणि पोरं हिरवं दिसलं की खूश. पण ॲल्युमिनियमचं बळ त्याच्या कितीतरी आधीपासून उतरायला लागतं. विमान-देखभालीवर लिहिणाऱ्या माइक बुशसारखे लोक वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत, कॉन्टिनेंटलला ४०० ओलांडू देऊ नका. मी तेच पाळते. ४०० कडे काटा सरकला की आधी नाक खाली, वेग वाढवा. मग काउल फ्लॅप बघा, मिश्रण पूर्ण जाड आहे का बघा. एवढं करून नाही उतरला तर थ्रॉटल, आणि तोही चांगला घसघशीत.

मामा : आणि दर वेळी, थंडीच्या सकाळीसुद्धा काटा ४०० कडे धावत असेल तर?

भाची : तर… विमानात काहीतरी बिघाड आहे.

मामा : काय?

इथे भाची थांबली. ही दुसरी जागा, आणि ती पूर्णपणे मामांची. त्यांनी आम्हाला उघड्या काउलिंगपाशी, म्हणजे इंजिनावरच्या झाकणापाशी, नेलं. वारा पुढच्या दोन भोकांतून आत येतो, सिलिंडरांच्या माथ्यावर साचतो आणि पंखांसारख्या पातळ पत्र्यांतून दाबून खाली काढला जातो, हे मला तोंडपाठ होतं. पण दाबून काढणार कोण? सिलिंडरांभोवती पत्र्याच्या आडभिंती असतात, त्यांना बॅफल म्हणतात, आणि त्यांच्या वरच्या काठाला रबराची लवचिक पट्टी. काउलिंग बसलं की ही पट्टी वाऱ्याच्या दिशेला, पुढे वळलेली असायला हवी, म्हणजे वाऱ्याच्या दाबाने ती आणखी घट्ट चिकटते. मामांनी बोटाने दाखवलं: एका जागी हातभर पट्टी मागे दुमडून बसली होती. काउलिंग घाईने ठेवणाऱ्याच्या लक्षातही आलं नसणार. त्या फटीतून वारा सिलिंडरांना वळसा घालून सरळ बाहेर.

मामा : दोन्हीकडच्या दाबात फरक किती असतो? पाण्याच्या काही इंचांचा. एवढ्याशा जोरावर सगळं इंजिन थंड होतं. एवढी फट ठेवलीस की तू थ्रॉटल आत ठेव नाहीतर बाहेर, मागचा सिलिंडर भाजणारच. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा टायमिंग एखाद-दोन अंश पुढे बसला तरी तेच. इंजेक्शनच्या इंजिनात पूर्ण थ्रॉटलला पेट्रोलचा प्रवाह कमी सेट केला असेल, तर तुझं थंड करणारं जादा पेट्रोल फक्त पुस्तकातच. पायलट वर काय करतो यावर तुम्ही रात्रभर भांडाल. अर्धं तापमान जमिनीवरच, या टेबलावर ठरतं.

भाची : मग तो फुटका सिलिंडर माझ्या खात्यावर का टाकला?

मामा (हसून) : पायलटच्या नावावर टाकणं सोपं असतं, बाप्पा.

हँगर आणि कॉकपिट दोष एकमेकांवर ढकलतात असं ऐकिवात होतं. इतक्या खुशीत कबूल करणारा माणूस प्रथमच भेटला. मला वाटतं, ‘पूर्ण की अर्धा’ हा प्रश्न इतकी वर्षं टिकला तो या ढकलाढकलीमुळेच. मूठ दिसते, हाताला लागते, तिच्यावर मत देता येतं. दुमडलेली रबरी पट्टी काउलिंगखाली झाकलेली असते आणि कोणाच्याच मतात बसत नाही.

मामा : आता पोरांना नक्की काय सांगशील? गुळमुळीत नको.

भाची : १७२ : थ्रॉटल पूर्ण, वर पोचेपर्यंत. पहिले हजार फूट ७४ नॉट, पुढे अडथळा नसेल तर ८० ते ८५. तीन हजारांच्या वर मिश्रण जरुरीपुरतं पातळ. १८२ : हजार फुटांपर्यंत कशाला हात लावायचा नाही, मग पुस्तकातले २३ आणि २४००, पण वेग ९० च्या आसपास, आणि काटा उतरेल तशी मूठ पुन्हा आत. २०६ : आरपीएम पाच मिनिटांच्या आत खाली.

मामा : तापमान?

भाची : ४०० च्या आत.

मामा : कोणत्या सिलिंडरचं?

भाची : म्हणजे?

मामा : तुमच्या १८२ ला कंपनीने दिलेलं गेज एकच आहे. सहा सिलिंडर, एक सेन्सर. तू ज्याला इंजिनाचं तापमान म्हणतेस ते सहातल्या एकाचं. तो सगळ्यात तापणारा आहे की सगळ्यात गार, हे माहीत असल्याशिवाय तुझ्या ४०० ला अर्थ काय?

भाची : आपल्याकडच्या विमानात कुठे लावलाय?

मामा : कॉकपिटमध्ये बसून नाही कळणार. ये इकडे, टॉर्च धर.